दोन इंची पट्टी

धुळ्यात, देवपूरच्या एका बोळात,
मुसद्दिकभाईंच्या कारखान्यात मी खोक्यांवर पत्ते लिहिते.
अकरा वर्षं झाली.
सिव्हिल हॉस्पिटल, नंदुरबार.
ग्रामीण रुग्णालय, धडगाव.
साक्रीच्या एका डॉक्टरचं अक्षर मला आजवर लागलेलं नाही,
तरी त्याचं पार्सल पोचतं.

माल एकच. जाळीचं पांढरं कापड,
शिंदखेड्याकडच्या कापसाचं,
इतकं विरळ की आडून समोरच्याचा चेहरा दिसावा.
चार इंची, सहा इंची.
शंभर गुंडाळ्यांना अठरा रुपये.

संक्रांत होऊन गेली आणि मालेगावहून चिठ्ठी आली,
तिथल्या लोकांनी घरोघरी फिरून पैसे जमवलेले:
दोन इंची, आठ हजार.
"दोन इंची कोनले लागस?" झिपाबाई म्हणाली.
मुसद्दिकभाईंनी कापणीच्या पात्यावरून मान वर केली नाही.
"लहान हातांना," म्हणाले.

माप कुणालाच माहीत नव्हतं.
झिपाबाईने अंगणवाडीतून नातवाला बोलावलं,
पहिली पट्टी त्याच्या मनगटाला गुंडाळून बघितली.
तीन वेढे. बरोबर.
तो हात पालथा करून बघत राहिला,
मग कोपर, मग गुडघे चाचपले, आणि म्हणाला,
"आजी, मले कोठे लागनं?"

माग चालू होते, म्हणून बरं.

ती पट्टी नमुना म्हणून खिळ्याला टांगली.
खोकी भरली. मी पेन घेतलं.
संस्थेचं नाव, बंदर, मग दुसरं बंदर,
मग सीमेवरच्या एका गावाचं नाव, दोनदा विचारून,
आणि शेवटी मोठ्या अक्षरात: गाझा.
खाली पिनकोडचे सहा चौकोन.
हात सवयीने चार, दोन, चार लिहून गेला.
खोडलं.
गल्ली नाही, घर नंबर नाही,
ज्याला द्यायचं तो काल होता तिथे आज असेलच असं नाही.
चौकोन रिकामे ठेवले.

शुक्रवारी वीज गेली.
माग थांबले की कानात जो एक खड्डा पडतो तो पडला.
नाजमीनच्या फोनवर आवाज बंद करून काहीतरी चाललेलं:
एका दवाखान्याची ओसरी, मोबाईलच्या उजेडात कुणीतरी
कुणाचा तरी शर्ट फाडून बांधत होतं.
आमची वीज दीड तासात येते.
तुलना करू नये, मला कळतं.
वत्सला बागूल म्हणाली, माझे गुडघे गेलेत, बोटं तर आहेत ना,
आणि उंबऱ्याच्या उजेडाला सरकून गुंडाळायला बसली.
तेव्हापासून शुक्रवारचा शेवटचा तास कुणी हिशेबात धरत नाही.
भाषण कुणी केलं नाही.
मुसद्दिकभाई त्या दिवशी चहात आलं जास्त घालायला सांगतात, एवढंच.

चैत्रात फोन आला. माल सीमेवर उभा आहे.
वैशाखात आला. उभा आहे.
तिथलं ऊन कसं असेल?
आपल्यासारखंच, नाजमीन म्हणाली, रेतीचं.
मी शिक्क्याचा डबा उघडून बघितला.
प्रत्येक पाकिटावर मीच मारलेला,
वापरण्याची मुदत: तीन वर्षं.
कापसाला तीन वर्षं थांबता येतं.

आषाढात दुसरी चिठ्ठी.
दोन इंची. सोळा हजार.
पहिली खोकी पोचली का, मी विचारलं.
काही पोचली म्हणतात, भाई म्हणाले,
काही अजून तिथेच.
किती, ते त्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

झिपाबाईने खिळ्यावरची पट्टी काढली,
धुळीने ती आता पिवळट झालेली.
नातू दारातच खेळत होता, हात पुढे करून उभा राहिला,
या वेळी काही विचारलं नाही.
एक वेढा. दुसरा.
तिसरा आता पुरता बसत नाही.
सहा महिन्यांत पोरगं भरलंय.

ती पट्टीचं टोक चिमटीत धरून थोडा वेळ तशीच राहिली,
मग माझ्याकडे बघून म्हणाली,
लिही, दोन इंचीच लिही.